नूरचाचांनी वारा दुरुस्त केला

कुरुळी ओलांडून चाकणकडे निघालं की डाव्या हाताला आमची कंपनी लागते. गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकायचं काम. आत शिरलेला माणूस ओरडून बोलायला लागतो आणि घरी गेल्यावरही तसाच बोलतो. मी तिथे प्रशासन विभागात आहे. नाव दिग्विजय, पण माझे सगळे विजय रजेच्या अर्जांवर सह्या मिळवण्यापुरते.

ह्या गोंगाटात एक माणूस तेहतीस वर्षं निव्वळ कानाच्या जोरावर नोकरी करत होता. नूरमोहम्मद शेख, मेंटेनन्स फिटर. प्लांट हेडपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना नूरचाचा म्हणतात. चाकणचेच, चार पिढ्यांचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "हिला पंधरा दिवस हायेत." सोळाव्या दिवशी ती मशीन बसलेली असायची. इंजिनिअर लोक आधी हसायचे, मग सुटे भाग मागवायचे.

"मशीन उगं बोलत न्हाई," ते सांगायचे. "बोलतंय म्हंजी कायतरी दुखतंय. आन दुखतंय म्हंजी आपण अजून पोचलो न्हाई."

तत्त्वज्ञान म्हणून हे ठीक आहे, पण असा माणूस समाजात वावरायला अवघड असतो. पिंपळे गुरवला माझ्या मेहुणीच्या लग्नात ते जेवता जेवता पानावरून उठले आणि मांडवामागच्या जनरेटरपाशी जाऊन बसले. लोकांनी ओळखलं की मुलाकडचे कुणीतरी रुसले. दोघेजण त्यांची समजूत काढायला गेले, तर चाचांनी त्यांच्याच हातात टॉर्च दिला. आमच्या घरी ते एकदाच चहाला आले. मिक्सर ऐकून माझ्या बायकोला म्हणाले, "वर्षालीताई, ह्याला दिवाळीपातूर धरा." मिक्सर नवा होता. तो धनत्रयोदशीला गेला. तेव्हापासून वर्षाली त्यांच्यासमोर फारसं बोलत नाही. न जाणो, तिच्याही आवाजावरून काही सांगतील, अशी तिला धास्ती.

चाचा एकतीस मार्चला निवृत्त होणार होते. एक वर्ष मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी जानेवारीतच अर्ज दिला होता. मिळेल असं वाटत नव्हतं, कारण कंपनीने मशीनवर सेन्सर बसवायला घेतले होते. बेअरिंग कुरकुरलं की इंजिनिअरच्या मोबाइलवर लाल दिवा. त्या सेन्सरना पेन्शन नको, नमाजाला सुट्टी नको, आणि ते लग्नात जनरेटरपाशी जाऊन बसत नाहीत.

फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी, कमरुन्निसाचाची, थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या.

"दिग्विजयभाऊ, काय बी करा, पर ह्यांना घरी धाडू नका."

मला वाटलं, घरची काही अडचण असेल. तसं काही नव्हतं. मागच्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशननंतर चाचा महिनाभर घरी होते. तेवढ्यात त्यांनी पंखे गप्प केले, दारांच्या बिजागऱ्या गप्प केल्या, शिलाई मशीन गप्प केली. शेवटी कुकर उघडला आणि तो असा काही दुरुस्त केला, की शिट्टीच होईना. डाळ तळाला लागून काळी झाली.

"आमची लेक साबिया सासरी गेल्यापासनं घरात आधीच आवाज न्हाई," चाची म्हणाल्या. "आता घर एवढं गप झालंय, की ह्यांना झोप येत न्हाई. उठून बसतात. मी इचारलं, काय ऐकताय? तर म्हंत्यात, कायच न्हाई, त्येच ऐकतोय."

मी अर्ज फायलीत सगळ्यात वर ठेवला. माझ्या हातात तेवढंच होतं.

त्याआधी, डिसेंबरातच, आमच्या कंपनीला पर्यावरणाचा उमाळा आला होता. प्लांटच्या मागे दगडाची एक जुनी खाण आहे. पाणी भरून तिचं तळं झालंय. काठाला पाणकणीस वाढलंय, खंड्या येतात, मुरमावर टिटव्या अंडी घालतात. तिथे काहीतरी 'कलात्मक' करावं असं वरून ठरलं, आणि तळेगाव दाभाड्याहून स्वरूपा नावाची एक कलावंत मुलगी स्कूटरवरून येऊ लागली. ती आवाजाच्या कलाकृती करते. म्हणजे चित्र नाही, पुतळा नाही, नुसता आवाज. आमच्या लोकांना हे पटायला वेळ लागला. फुकट मिळणारी गोष्ट कंपनी विकत का घेतेय, असा सगळ्यांचा प्रश्न होता.

स्वरूपा दोन महिने खाणीच्या काठावर बसून वारा आणि पाखरं ऐकत होती. मग आमच्याच भंगारातून तिने अकरा पाइप निवडले, त्यांना उभ्या चिरा पाडल्या, वर पत्र्याचे पंख लावले आणि नापास झालेल्या जुन्या बेअरिंगांवर ते लोखंडी मांडवाला टांगले. वारा आला की पाइप फिरायचे, बेअरिंगं कण्हायची, चिरांमधून हवा घुमायची. कारखान्याने टाकून दिलेलं लोखंड आणि खाणीवरचा वारा, दोघांनी मिळून बोलायचं, अशी तिची कल्पना. तिने नाव दिलं 'श्वास'. कामगारांनी नाव दिलं 'रडका मांडव'. उद्घाटन शनिवारी सकाळी अकराला ठरलं.

आता आमच्या पट्ट्यात सुट्टी असते गुरुवारची. गुरुवारी प्लांट बंद, आणि मेंटेनन्सवाले तेवढे कामावर. रोजच्या दणदणाटात खाणीकडचा आवाज आतपर्यंत यायचा नाही. त्या गुरुवारी सगळ्या मशीन गप्प होत्या आणि दुपार कलताना वारा सुटल्यावर मागून अकरा गळ्यांनी रडणं ऐकू आलं. कामाच्या रगाड्यात चाचा तेव्हा कुठे जेवणाचा डबा उघडत होते. त्यांनी तो तसाच बंद केला.

शुक्रवारी सकाळी मेंटेनन्सचं रजिस्टर माझ्याकडे सहीला आलं. त्यात चाचांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: 'खाणीजवळील पाइप, ११ नग. फार आवाज करत होते. सर्व बेअरिंग धुऊन ग्रीस भरले. पाइपना चिरा पडल्या होत्या, वेल्डिंग मारून बुजवल्या. आवाज पूर्ण बंद. ट्रायल ओके.'

मी ते दोनदा वाचलं आणि पळत सुटलो.

स्वरूपा मांडवाखाली उभी होती. पहाटेचा वारा अजून थोडा होता आणि अकराच्या अकरा पाइप लोण्यात फिरावेत तसे फिरत होते. आवाज म्हणून नाही. चाचा तिच्याशेजारी हात मागे बांधून, शाबासकीच्या अपेक्षेने उभे.

"बघा ताई," मला आलेलं पाहून ते खुशीत तिला म्हणाले, "आता वीस वर्षं बघायचं काम न्हाई. बेअरिंगं नापासातली दिली व्हती तुमाला स्टोरवाल्यांनी. फसवलं. चिरा बी व्हत्या. मी म्हटलं, पाव्हणे यायच्या आत करून टाकू. तुमाला सांगायचं बी न्हाई."

स्वरूपाने एक पाइप हाताने फिरवून पाहिला. ती खाली मुरमावर बसली. मी चाचांना बाजूला घेऊन समजावलं की आवाज हेच काम होतं. चिरा तिने मुद्दाम पाडल्या होत्या. चाचांना ते समजायला वेळ लागला, कारण आवाज मुद्दाम करतात ही गोष्टच त्यांच्या तेहतीस वर्षांत बसत नव्हती. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

प्लांट हेड जयसिंग सर आले तेव्हा तर बघायलाच नको. ते तिथे ट्रेनी म्हणून लागले तेव्हा त्यांना पान्हा धरायला चाचांनी शिकवलेलं. म्हणून आवाज चढवला नाही, पण शब्द नेमके टाकले.

"चाचा, उद्या मुख्य कार्यालयाचे साहेब येणार आहेत. तुमचा मुदतवाढीचा अर्ज मी त्यांच्यासमोर ठेवणार होतो. आता मी काय सांगू त्यांना? मेंटेनन्सने कार्यक्रमच दुरुस्त केला?"

"उद्यापातूर आवाज परत करतो," चाचा म्हणाले. "पर सर, अकराला वारा नसतो. कूलिंग टॉवरचं पाणी बघा कवाबी. मार्चात नवापासनं साडेतीनपातूर सरळ खाली पडतं, मंग तिरकं व्हतं. कार्यक्रम चारला ठेवा."

"साहेबांना अकराचीच वेळ आहे," जयसिंग सर म्हणाले आणि गेले. वाऱ्याला कळवायचं काम माझ्याकडे आलं नाही, एवढीच मेहेरबानी.

चाचांनी ग्राइंडर आणला, रॉकेल आणलं आणि चिरा मोकळ्या केल्या. पण बेअरिंग बिघडवायची वेळ आली तेव्हा हात चालेना. रॉकेलने ग्रीस धुतलं, चिमूटभर वाळू घेतली आणि ती बोटांत धरून ते बसून राहिले. "आजवर बेअरिंगात वाळू टाकणाऱ्याला मी शिव्या दिल्यात," म्हणाले.

स्वरूपाने तोवर स्वतःला सावरलं होतं. ती म्हणाली, "चाचा, आधी थोडा वेळ नुसते बसा. इथे काय काय ऐकू येतंय ते मला सांगा."

चाचा काठावर बसले, डोळे मिटले. मीही बसलो, कारण ऑफिसात परत गेलो असतो तर जयसिंग सर भेटले असते.

"पाणकणसात एअर लीक हाय," चाचा म्हणाले. "त्यो बेडूक, त्येचा गिअर नीट पडत न्हाई. खंड्या ठीक हाय, नवा दिसतोय." मग ते थांबले. "आन ही टिटवी काल मी आलो तवा बी बोंबलत व्हती, ग्रीस भरल्यावर गप बसली, आता परत बोंबलायला लागलीय. ताई, तुमचा चार नंबरचा पाइप कसा वाजायचा?"

स्वरूपाने मोबाइलवरचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. चौथा पाइप किंचाळताच मुरमावरून टिटवी उडाली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली.

"बघा. ह्यो तिच्याच आवाजाच्या जाग्यावर बसतोय. तिला वाटतंय, दुसरी टिटवी धोका सांगतीय. दिसभर अंडी उघडी टाकून उडत असणार बिचारी." चाचांनी बोट दाखवलं. दहा पावलांवर मुरमात चार अंडी होती. मुरमासारखीच, ठिपक्यांची. दोन महिने बसूनही स्वरूपाला ती दिसली नव्हती. ती एवढी वरमली की सकाळी चाचांना जेवढं वाईट वाटलं होतं तेवढंच आता तिला वाटलं.

मग मात्र दोघं कामाला लागले. चौथ्या पाइपात चाचांनी रबराचा वायसर बसवला आणि त्याचा आवाज खाली आणला, टिटवीच्या बराच खाली. बाकीचे दहा एकेक करून बिघडवायला घेतले. कशात वाळू, कशात बोल्ट अर्धा आटा ढिला, कशात पत्र्याची चकती. प्रत्येक पाइप हाताने फिरवून ऐकायचे, मान हलवायचे, पुन्हा उघडायचे. मी म्हटलं, "चाचा, आवाज झाला की झालं, आता आणखी काय शोधताय?" ते म्हणाले, "आवाज असा कसाबी नसतो, भाऊ. कुणाचातरी असतो." अंधार पडला तशी आम्ही पाच पाइपांवर आवरलं. उरलेले शनिवारी सकाळी सातला सुरू करून दहापर्यंत उरकले.

शनिवारी अकराला वारा नव्हता.

साहेब आले, सत्कार झाला. लाउडस्पीकरवरून पस्तीस मिनिटं शांततेचं महत्त्व सांगून झालं. टिटवी त्या आवाजाने दोनदा उडाली. मग साहेबांनी फीत कापली आणि सगळे पाइपांकडे बघत राहिले. पाइप खाली बघत राहिले. पान हलत नव्हतं. जयसिंग सरांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. त्यांनी कुणाच्यातरी कानात काहीतरी सांगितलं आणि चारजण शॉपमधला मोठा मॅनकूलर ढकलत घेऊन आले. हा पुरुषभर उंचीचा पंखा भट्टीपाशी उभ्या कामगारांसाठी असतो. वायर पुरेना, म्हणून तो मांडवापासून तीस फुटांवर थांबला. चालू केला तर पाइपांना त्याचा वारा पोचेना, पण त्याचं स्वतःचं बेअरिंग पार गेलेलं होतं. खडाड्-घर्र, खडाड्-घर्र असा जो काही आवाज सुरू झाला, तो ऐकून साहेबांनी डोळे मिटले.

"अप्रतिम," ते म्हणाले. "निसर्गाचा आक्रोश."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वरूपा बुटांकडे बघत होती. चाचा माझ्या कानाशी कळवळून म्हणाले, "भाऊ, त्या पंख्याला आठवडा बी न्हाई." साहेब बाराच्या आत निघून गेले. मुदतवाढीचा विषय काढायला जयसिंग सरांना धीरच झाला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दुपारभर चाचा मांडवाखाली बसून होते. जेवले नाहीत. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, "चाचीला सांगू नका अजून."

साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली. बसेस खाणीच्या बाजूच्या मैदानात लागतात, त्यामुळे दोन-अडीचशे माणसं त्याच वाटेने येत होती. तेवढ्यात कूलिंग टॉवरचं पाणी तिरकं झालं.

पहिला पाइप कण्हला, मग दुसरा. मग सगळेच. चिरांमधून वारा घुमायला लागला, पाणकणीस त्यात सळसळायला लागलं. असेंब्ली लाइनवरची जयमाला परभणीची. वीस वर्षं इथे काढली तरी बोली सोडलेली नाही. ती चालता चालता थांबली.

"अगं माय! हा तर आपला तीन नंबरचा कॉम्प्रेसर की!"

तो कॉम्प्रेसर भंगारात जाऊन आठ वर्षं झाली होती. बाकीचे थांबले. कुणी म्हणालं, हा जुन्या क्रेनचा. कुणी म्हणालं, हा कँटीनच्या पिठाच्या मशीनचा, त्याच्या आवाजावरून तर भांडणं व्हायची. प्रत्येकजण बाकीच्यांना हाताने गप्प करत एकेका पाइपाखाली जाऊन कान देत होता. बसवाले हॉर्न मारून दमले. तेव्हा मला कळलं की चाचा दोन दिवस काय शोधत होते. त्यांना संगीत येत नाही. ज्या मशीनना त्यांनी एकेक करून गप्प केलं होतं, त्यांचे आवाज त्यांच्या कानात जसेच्या तसे होते. त्यांनी फक्त बाहेर काढले.

गर्दीत जयसिंग सरही होते. सातव्या पाइपाखाली बराच वेळ उभे होते. "ही अडीचशे टनी प्रेस," शेवटी ते म्हणाले. "माझी पहिली मशीन. चाचा, हिच्यावर तुम्ही मला थप्पड मारली होती."

"हात घातला व्हता तुमी आत," चाचा म्हणाले.

टिटवी अंड्यांवरून हलली नव्हती.

जयसिंग सरांनी घसा साफ केला. "एक वर्ष देतो. पण मशीनवर नाही, तिथे सेन्सर आहेत. ह्याच्यावर."

चाचा खुलले. "म्हंजी मेंटेनन्स?"

"नाही," स्वरूपा घाईने म्हणाली. "ग्रीस नाही, रॉकेल नाही. हे गंजेल, झिजेल, आवाज बदलत जाईल. पाखरांना त्रास झाला तरच हात लावायचा. एरवी नाही."

"आन एखादा बंदच पडला तर?"

"पडू द्यायचा."

"मंग मी करायचं काय?"

"नुसतं ऐकायचं."

चाचांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं, कुणी चेष्टा करतंय का म्हणून. दुखतंय ते ऐकायचं आणि उठायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी एक दिवस मागून घेतला. रविवारी आले, अर्जावर सही केली आणि मांडवापासून थोडं लांब, अंड्यांना अडचण होणार नाही अशा बेताने, खुर्ची टाकली.

माझं काम तिथून सुरू झालं. मुदतवाढीच्या फॉर्मवर 'कामाचे स्वरूप' असा रकाना असतो. मी 'देखरेख' लिहिलं. चाचा म्हणाले, देखरेख डोळ्यानं करत्यात. मग त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं: 'ऐकणे'. चार दिवसांनी, गुरुवारी, प्लांट बंद असताना मी एकटाच फायली उरकायला आलो होतो, तेव्हा मुख्य कार्यालयातून फोन आला. मनुष्यबळ विभागातला कोणीतरी तरुण अधिकारी होता.

"ऐकणे म्हणजे काय? ह्याचं आउटपुट काय दाखवायचं?"

सव्वाचार वाजले होते. मी खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला. हात भरून येईपर्यंत धरला. मग परत कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "मंजूर करतो. आणि ऐका ना, आमच्याकडे एसी फार आवाज करतो. त्यांना एक दिवस पाठवता का?"

"नाही हो," मी म्हटलं. "ते आता दुरुस्त करत नाहीत."